काळ्या पेटीपासून सुरुवात कर

सातारा जिल्ह्यातून आलेलं एक पत्र थोडं आखूड करून देते.

"बाई, माझं वय २३. यंदा इतिहासात एम.ए. झालो. आबा मराठा लाइट इन्फंट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मी दोनदा भरतीला उतरलो. धावण्यात दोन्ही वेळा पहिल्या दहांत होतो, पण मेडिकलला गुडघ्याला गुडघा लागतो म्हणून बाहेर काढलं. आता मला युद्धाच्या इतिहासात पीएच.डी. करायची आहे. आबा म्हणतात, ज्याने गोळीचा आवाज ऐकला नाही त्याने लढाईवर काय बोलायचं? कॉलेजातले सर म्हणतात, लढायांचा इतिहास आता जुना झाला, दुसरा विषय घे. मामा म्हणतो, एमपीएससीचा फॉर्म भर आणि गप अभ्यास कर. आबा स्वतः काश्मीरमधल्या चार वर्षांबद्दल घरात एक शब्द बोललेले नाहीत. या शिक्षणात पोट भरेल का? आणि खरं सांगू का, मला स्वतःलाच भीती वाटते. वर्दी मिळाली नाही म्हणूनच तर मी या वाटेला लागलो नाही ना?"

तुला 'तू' म्हणते, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा आहेस. तुझा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा आहे, पण त्याच्याकडे शेवटीच येते. आधी आबांचा प्रश्न घेऊ. तो राग येण्यासारखा असला तरी खोटा नाही.

हाच प्रश्न एका माणसाने स्वतःला विचारला आणि त्यातूनच आपलं आयुष्य उभं केलं. जॉन कीगन. जन्म १९३४, लंडनचा. तेराव्या वर्षी त्याला हाडांचा क्षय झाला. पोरवयातली वर्षं रुग्णालयात आणि उपचारांत गेली आणि पाय कायमचा अधू झाला. सैन्यात जाण्याचा प्रश्नच उरला नाही. ऑक्सफर्डच्या बॅलिऑल कॉलेजात तो इतिहास शिकला, काही काळ लंडनमधल्या अमेरिकी वकिलातीत अहवाल लिहिण्याचं काम केलं, आणि १९६० साली सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीत शिक्षक म्हणून लागला. आपल्याकडे जसं डेहराडूनचं आयएमए, तसं ब्रिटिश सैन्याचं सँडहर्स्ट. तिथे त्याने २६ वर्षं युद्धाचा इतिहास शिकवला. लंगडत वर्गात येणारा हा माणूस ज्या पोरांपुढे उभा राहायचा, ती पोरं थोड्याच वर्षांत पलटणी घेऊन प्रत्यक्ष गोळीबारात उतरणार होती. तुझ्या आबांचा प्रश्न त्या वर्गात रोज न बोलता विचारला जात असेल. मी तीस वर्षं वर्ग घेतले आहेत. समोरची मुलं जे बोलत नाहीत ते शिक्षकाला ऐकू येतं.

१९७६ साली त्याचं जे पुस्तक आलं आणि ज्याने त्याचं नाव झालं, त्याच्या पहिल्याच ओळीत तो कबुली देतो की मी कधी लढाईत नव्हतो, लढाईच्या जवळपासही नव्हतो, दुरून तिचा आवाजसुद्धा ऐकलेला नाही. आणि मग याच उणिवेचा तो प्रश्न करतो. मला ठाऊक नाही, तर मग विचारू या: तिथे नेमकं काय होतं? १४१५ चं आजिनकोर्ट, १८१५ चं वॉटर्लू, १९१६ ची सोम, या तीन लढाया त्याने घेतल्या आणि सेनापतींची चाल जवळजवळ बाजूला ठेवली. बाण लागल्यावर चिलखताचं काय होतं? घोडा भाल्यांच्या रांगेवर खरोखर चालून जातो का? धुरात माणसाला किती अंतरावरचं दिसतं? जखमी माणूस किती तास पडून राहतो आणि त्याला कोण उचलतं? पोटात दारू किती असते? आणि सगळ्यांत मोठा प्रश्न, ही माणसं पळून का जात नाहीत?

हे प्रश्न लढून आलेला माणूस सहसा विचारत नाही, कारण त्याला त्यांची उत्तरं अंगाने माहीत असतात. ते बाहेरच्यालाच सुचतात. पण त्या बाहेरच्याला स्वतः बाहेरचा आहे हे पक्कं लक्षात ठेवावं लागतं. कीगनने ते आयुष्यभर ठेवलं असं मला वाटतं. १९८६ मध्ये सँडहर्स्ट सोडून तो 'डेली टेलिग्राफ'चा संरक्षण वार्ताहर झाला, पुढे सर किताब मिळाला, २०१२ साली वारला. त्याचं सगळंच अभ्यासकांना पटलं असं समजू नकोस. क्लाउझेविट्झ हा जर्मन विचारवंत त्याला नीट कळलाच नाही, अशी टीका त्याच्यावर त्याच्याच क्षेत्रातल्या मोठमोठ्या लोकांनी केली, आणि ती टीका वाचल्यावर मलाही पटली. पण लढाईकडे शिपायाच्या उंचीवरून बघायला त्याने शिकवलं, हे त्याचे टीकाकारही मान्य करतात.

आता दुसऱ्या टोकाचा माणूस घे. मायकेल हॉवर्ड. हा प्रत्यक्ष लढलेला. १९४३ साली इटलीत सालेर्नोच्या लढाईतल्या पराक्रमासाठी त्याला मिलिटरी क्रॉस मिळाला. परत येऊन त्याने लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धाच्या अभ्यासाचा विभाग उभा केला. पुढे ऑक्सफर्ड, मग येल. युद्धाचा इतिहास विद्यापीठात सन्मानाने शिकवला जातो त्यात या माणसाचा वाटा फार मोठा. त्याची एक शिकवण तू वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव: युद्धाचा इतिहास रुंदीने वाच, म्हणजे अनेक शतकांचा, खोलीने वाच, म्हणजे एकाच मोहिमेत पार तळापर्यंत जा, आणि भोवतालासकट वाच, म्हणजे ज्या समाजाने ती लढाई लढली त्याचा पैसा, राजकारण, धर्म सगळं धरून.

पण तुला त्याची गोष्ट सांगण्याचं कारण वेगळं आहे. इटलीत रात्रीच्या एका गस्तीवर सुरुंगाच्या पट्ट्यात त्याचा सोबती जखमी झाला आणि त्याला तिथेच सोडून हॉवर्डला परतावं लागलं. हे त्याने आपल्या आत्मकथेत लिहिलं. ती आत्मकथा आली २००६ साली, घटनेनंतर साठ वर्षांनी. ज्याचा आयुष्यभराचा धंदाच युद्धाबद्दल लिहिण्या-बोलण्याचा होता, त्याला हे कागदावर उतरवायला एवढा काळ लागला.

तेव्हा आबा बोलत नाहीत याचा अर्थ ते तुला कमी लेखतात असा काढू नकोस. 'ज्याने गोळी ऐकली नाही' हे वाक्य तुझ्यासाठी असेल तेवढंच त्यांच्या स्वतःसाठीही असेल. कदाचित त्यांना एवढंच म्हणायचं असेल की ते मला सांगता येत नाही, मग तू कसं सांगशील.

आता सरांचं. 'लढायांचा इतिहास जुना झाला' हे ते कशाबद्दल म्हणतात ते मला कळतं. अमुक सरदार डावीकडून गेला, तमुक उजवीकडून आला, तोफा धडाडल्या, भगवा फडकला. असलं लिखाण आपल्याकडे उदंड आहे आणि त्यावर कुणी पीएच.डी. देऊ नये हे मलाही मान्य. पण हा विषय तिथेच थांबलेला नाही. गेल्या पन्नासेक वर्षांत युद्धाचे इतिहासकार पगार, भरती, कर्ज, रोगराई, मागे राहिलेल्या बायका, बाजारबुणगे, बैल या सगळ्यांकडे वळले आहेत. आणि त्या आधीही आपल्या मातीवर हे काम झालं होतं. सुरेंद्रनाथ सेन हे बंगाली प्राध्यापक. त्यांनी मराठी शिकून १९२८ साली मराठ्यांच्या लष्करी व्यवस्थेवर ग्रंथ लिहिला. त्यात घोडदळ-पायदळाच्या बरोबरीने शिलेदाराला, म्हणजे स्वतःचा घोडा घेऊन येणाऱ्या स्वाराला, नालबंदी म्हणून आगाऊ रक्कम किती मिळायची याचाही विचार आहे. बारिसालकडचा माणूस आपल्या मोडी कागदांपर्यंत पोचला, आणि आपली एम.ए. झालेली मुलं मोडीला घाबरतात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पुण्याच्या पेशवे दफ्तरात मी पहिल्यांदा रुमाल सोडला तो दिवस सांगते. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. कापड सोडलं की जुन्या कागदाचा आणि धुळीचा एक कोरडा वास येतो, घशात बसतो. मला हवी होती लढाईची बातमी. हाती आली एका पथकाची हजेरी. माणसाचं नाव, बापाचं नाव, गाव, आणि मग घोडा. घोड्याचा रंग, कपाळावरची खूण, कुठला पाय पांढरा. घोड्याचं वर्णन माणसाच्या वर्णनापेक्षा लांब होतं. दुपारपर्यंत मी चिडलेली होते. संध्याकाळी ध्यानात आलं की असं का ते. माणूस मेला तर दुसरा मिळत होता. चांगला घोडा दाखवून मरतुकड्या तट्टावर पगार उचलण्याची लबाडी मात्र सरकारला महागात पडत होती, म्हणून घोडा नीट ओळखता यायला हवा होता. त्या एका कागदाने मला सैन्याचा आणि पैशाचा जो संबंध दाखवला तो दहा बखरींनी दाखवला नव्हता.

पानिपतचंच बघ. १४ जानेवारी १७६१ चा तो एक दिवस आपण दीडशे नाटकांतून आणि कवितांतून रडलो आहोत. पण त्याआधीचे अडीच महिने छावणीत काय शिजत होतं, जनावरांना वैरण कुठून येत होती, लढणाऱ्यांबरोबर न लढणारी किती तोंडं होती, हे प्रश्न धरून बसलं की चित्र पालटतं. डिसेंबरात गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि रसदेचा मोठा आधार तुटला. त्या दिवशी किती हरलं आणि १४ जानेवारीला किती, हा मला अजूनही उघडा प्रश्न वाटतो. त्र्यंबक शंकर शेजवलकरांनी डेक्कन कॉलेजात बसून १९४६ साली पानिपतवर लिहिलं ते जरूर वाच. त्यांचं मत पटलं नाही तरी ते प्रश्न कसे विचारतात ते बघ.

आणि असईला जा. जालना जिल्ह्यात आहे, साताऱ्याहून लांब पडेल, पण पावसाळा सरता सरता जा. २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांचं सैन्य केळणा आणि जुई या दोन नद्यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात उभं होतं. समोरून नदी ओलांडणं कंपनीचा सेनापती वेलस्ली याला परवडणारं नव्हतं. वाटाडे सांगत होते, खाली उतार नाही. त्याला पलीकडच्या आणि अलीकडच्या काठावर समोरासमोर दोन गावं दिसली, पिंपळगाव आणि वरूड. दोन गावं अशी तोंडाला तोंड देऊन वसली आहेत तर माणसं येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच, असा त्याने अंदाज बांधला. तो बरोबर निघाला. मी काठावर उभी राहिले तेव्हा एक बाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन पाण्यातून पलीकडे निघाली होती. पाणी गुडघ्याच्या जरा वर. दोनशे वर्षं जुनी गोष्ट अशी डोळ्यांपुढे चालत गेली. युद्धाच्या इतिहासकाराला पायांनी वाचावं लागतं ते यासाठी.

त्या लढाईत वेलस्लीची दीड हजाराहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळच पडले. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रजांची फळी पुढे गेल्यावर उठून त्यांच्या पाठीवर तोफा डागल्या. हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. मग अशी फौज का हरली? रँडॉल्फ कूपर या अभ्यासकाने २००३ साली यावर सविस्तर लिहिलं. त्याचं म्हणणं, मराठ्यांचा तोफखाना आणि कवायती पायदळ कमी नव्हतं. कंपनीने पैसा आणि नोकरीची आमिषं दाखवून शिंद्यांच्या फौजेतले गोरे अधिकारी आधीच फोडले होते. लढाई सावकाराच्या पेढीवर आणि जाहीरनाम्यांवर अर्धी ठरली होती. आता मला सांग, हा विषय जुना झाला का? त्या गोलंदाजांपैकी कितींची नावं आपल्याला माहीत आहेत? ती कुठल्या हजेरीत सापडतील? सरांपुढे हे ठेव. चांगले शिक्षक असतील तर ऐकतील. नाही ऐकलं तर मार्गदर्शक बदल, विषय बदलू नकोस.

एक गोष्ट तेवढ्यात सांगते. आपल्याकडे मराठ्यांच्या लढायांवर लिहिणं म्हणजे लोकांच्या देव्हाऱ्यात हात घालणं आहे. जानेवारी २००४ मध्ये पुण्यातल्या भांडारकर संस्थेची मोडतोड झाली ती एका पुस्तकाच्या वादातून. कागद सांगेल ते लिहायची तयारी आणि त्यासाठी लागणारा शांतपणा, दोन्ही अंगात मुरवावं लागेल.

पोटाचं विचारलंस. इथे गोड बोलून तुझं नुकसान करणार नाही. नेट ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा काढ, आणि जेआरएफसकट काढ, म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसकट. जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं, त्यात पुण्यात राहून संशोधन होतं. खुल्या गटाला त्यासाठी वयाची मर्यादा ३० आहे, म्हणजे तुझ्याकडे वेळ आहे पण उधळण्याइतका नाही. युद्धाचा इतिहास असा स्वतंत्र विभाग आपल्याकडे शोधत बसू नकोस. इतिहासाच्या विभागातून कर, किंवा संरक्षणशास्त्राच्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात संरक्षण आणि सामरिकशास्त्राचा विभाग आहे, नेटलाही तो वेगळा विषय आहे. पीएच.डी.नंतर कायमची जागा लगेच मिळेल असं धरून चालू नकोस. महाराष्ट्रातली किती तरी हुशार मुलं नेट-सेट, पीएच.डी. सगळं करून वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर खितपत पडली आहेत. तासाचे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. माझ्या हाताखालून गेलेल्या एका मुलीने अशी सात वर्षं काढली. ती माझ्याहून चांगली संशोधक आहे. याचा मला राग आहे आणि तो जाणार नाही.

तरी दोन-तीन दारं या विषयाला जास्तीची आहेत. खडकवासल्याच्या एनडीएत मुलकी प्राध्यापक असतात, त्यांची निवड यूपीएससीमार्फत होते. कीगन जे सँडहर्स्टला करत होता ते काम आपल्याकडे तिथे आहे, आणि तुझे गुडघे तिथे कुणी तपासणार नाही. अभिलेखागारं आहेत, संग्रहालयं आहेत, १८७० साली स्थापन झालेली, लष्करी अभ्यासाची युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशन आता दिल्लीत आहे. १९४७ नंतरच्या युद्धांवर काम करायचं म्हटलंस तर कागद मिळणं हीच लढाई असते. १९६२ च्या पराभवावरचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजून खुला केलेला नाही. २०२१ मध्ये संरक्षण मंत्रालयाने युद्धांच्या नोंदी साधारण २५ वर्षांनी खुल्या करण्याचं धोरण आणलं खरं, पण पीएच.डी.चा विषय कधी उघडेल त्या फायलीच्या भरवशावर ठरवू नये. आज जे कागद टेबलावर येतात त्यांच्यावर ठरव.

मामाला दुखवू नकोस, त्याला तुझी काळजी आहे. त्याला एक तारीख दे. येत्या दोन वर्षांत जेआरएफ झाली नाही तर बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा, असं स्पष्ट सांग आणि पाळ. शाळेत शिकवूनही दफ्तरात बसता येतं.

आता तुझी भीती. वर्दी मिळाली नाही म्हणून या वाटेला लागलास का? लागला असशील. बरेच जण एक दार बंद झालं म्हणूनच दुसऱ्या दारापाशी येतात, त्यात लाज काय? बघायचं एवढंच की आत गेल्यावर तुझं मन कुठे रमतं. तुला सैन्याचा रुबाब हवा असेल, तर दाणा-वैरणीचे हिशेब तुला सहा महिन्यांत नकोसे होतील, आणि ते लवकर कळलेलं बरं. पण घोड्याचं वर्णन माणसापेक्षा लांब का, असा प्रश्न पडून तुझी झोप उडत असेल, तर तू या कामाचा आहेस. हे घरी बसून ठरणार नाही. मोडीचा वर्ग लाव. पुण्यात आणि इतरत्रही असे वर्ग चालतात, भारत इतिहास संशोधक मंडळात चौकशी कर. मोडी आली की फारसीचं बघू.

आणि मोडीच्या आधी, आजच, एक काम. आबांची काळी लोखंडी पेटी घरात असेल. पांढऱ्या रंगाने नंबर, हुद्दा आणि नाव लिहिलेली. तिच्यापाशी बस आणि त्यांना विचार, हा नंबर कुणी रंगवला? पेटी उघडायची परवानगी माग. आत काय काय होतं, कुठलं सामान रेल्वेत हरवलं, थंडीत मोज्यांच्या किती जोड्या घालायचात, जेवण वर कोण घेऊन यायचं, पत्र किती दिवसांनी मिळायचं, आईची पत्रं कुठे ठेवायचात. 'लढाई कशी झाली' हे विचारू नकोस. 'तुम्ही कुणाला मारलं का' हे तर कधीच नाही. मध्ये ते गप्प झाले तर तूही गप्प बस, चहा आण, दुसऱ्या दिवशी पुन्हा बस. फोनवर रेकॉर्ड करायचं असेल तर आधी सांग, आणि ते नको म्हणाले तर फोन खिशातून काढूही नकोस. रात्री आठवेल तसं वहीत लिही, तारीख घाल. जे सांगितलं तेच लिही, सुधारू नकोस, शोभिवंत करू नकोस. गावात आणखी पेन्शनर असतील. आबांनी वाट दिली की त्यांच्याकडे जा, शक्यतो आबांना बरोबर घेऊन. ते एकमेकांशी बोलायला लागले की तू फक्त ऐकायचं.

मोडीचा वर्ग सुरू झाला की पहिलं अख्खं पान वाचायला किती वेळ लागला ते मला कळव. मला चार दिवस लागले होते.

तुझी,
बाई